कापूस फुटला की वर्ग ओस पडतो: खान्देशात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून नेमणूक झाली, समुपदेशनात गाव मिळालं, बॅग घेऊन तुम्ही एसटीतून उतरलात. जूनमध्ये पटावर ३८ मुलं आणि वर्गात ३६. तुम्हाला वाटतं, छान चाललंय. मग दसरा येतो, शेतात कापूस फुटतो आणि एका सोमवारी तुमच्यासमोर १९ मुलं बसलेली असतात. जुने सहकारी सांगतात, "आपल्याकडे असंच असतं, होळीनंतर येतील." माझ्या पहिल्या वर्षी मलाही असंच सांगितलं गेलं आणि मी ते मुकाट्याने मान्य केलं. त्या वर्षातली तीन मुलं पुढे शाळेत आलीच नाहीत. त्यांची रुखरुख अजून जात नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आधी शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी पावरा आदिवासींच्या वस्तीवर होते, आता अमळनेर तालुक्यात बोरीकाठी आहे. दोन्हीकडे गैरहजेरीची कारणं वेगळी निघाली, पण ती शोधायची रीत एकच होती. ती रीत मला कुणी सांगितली असती तर माझी दोन-तीन वर्षं वाचली असती, म्हणून हे लिहिते आहे. पहिली ते आठवीच्या वर्गांना यातलं बहुतेक सगळं लागू पडेल.

हाताशी काय हवं

- यंदाचा कॅटलॉग, म्हणजे हजेरीपट, आणि गेल्या वर्षीचाही
- जनरल रजिस्टर, म्हणजे कोण कधी दाखल झालं ते कळतं
- गृहभेटीची वेगळी वही, साधी दोनशे पानी
- प्रत्येक मुलामागे दोन मोबाइल नंबर: एक घरचा, एक शेजाऱ्याचा किंवा मामाचा. घरचा नंबर रिचार्ज संपला की बंद असतो
- शाळा व्यवस्थापन समितीची ठराव वही
- स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी कार्डाचे कोरे नमुने, मूल कुठवर शिकलंय ते नव्या शाळेला कळावं म्हणून (केंद्रप्रमुखांकडे मागा)
- अंगणवाडी सेविका, आशाताई आणि आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टर यांचे नंबर

## १. गेल्या वर्षीचा कॅटलॉग घेऊन बसा

रुजू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात हे करा, कारण पुढे वेळ मिळत नाही. एका कोऱ्या कागदावर डावीकडे मुलांची नावं लिहा, वर महिने लिहा आणि प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात मूल किती दिवस आलं नाही तो आकडा भरा. दोन तासांचं काम आहे. अंगणवाडीतून पहिलीत येणाऱ्यांसाठी ताईंना विचारा.

हे करायचं कारण सांगते. महिनाअखेर आपण वर पाठवतो ती सरासरी. ४० मुलांच्या वर्गात रोज ३६ आली तर ९० टक्के, कुणी काही विचारत नाही. पण त्या ९० टक्क्यांत दोन अगदी वेगळे वर्ग लपलेले असू शकतात. एका वर्गात रोज वेगवेगळी चार मुलं घरी राहतात. दुसऱ्या वर्गात चार ठरावीक मुलं वर्षभर शाळेचं तोंड पाहत नाहीत. सरासरी दोघांची सारखीच, आणि तुम्हाला करायचं काम मात्र पूर्ण वेगळं.

शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस शाळा ठरवून दिली आहे. महिन्याला दोनच दिवस चुकवणारं मूल कुणाच्या नजरेत येत नाही, पण वर्षअखेरीस त्याचे वीस दिवस गेलेले असतात. हातच्याची वजाबाकी शिकवायला मला साधारण आठ दिवस लागतात. ते आठ दिवस नेमके त्या विसांत पडले की ते मूल चौथीतही बोटं मोजतं.

कागद भरून झाला की वारही पाहा. आठवडे बाजाराच्या दिवशी कोण गळतं? शनिवारी सकाळच्या शाळेला कोण पोहोचत नाही? माझ्या वर्गात एक भाऊ-बहीण होते, एकाआड एक दिवस यायचे. दोघांत चपलांचा एकच जोड होता आणि वाट काट्यांची होती. हे दोन वर्गांचे कॅटलॉग शेजारी ठेवल्यावर दिसलं, एरवी कधीच कळलं नसतं.

## २. गावाची दिनदर्शिका भिंतीवर लावा

शासनाची सुट्ट्यांची यादी वेगळी आणि गावाचं वर्ष वेगळं. गावातल्या दोन जाणत्या बायकांना आणि एखाद्या आप्पांना बसवून हे वर्ष लिहून घ्या. खान्देशात साधारण असं निघतं.

जुलै-ऑगस्टात निंदणी. श्रावणात कानबाई, ही आमच्याकडची देवी: नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन. सुरत-मुंबईचे भाऊबंद रोटांसाठी, म्हणजे कानबाईच्या प्रसादासाठी, गावात आलेले असतात, त्यामुळे सोमवारी वर्ग रिकामा. बागायती कापूस गणपतीच्या सुमाराला फुटू लागतो, कोरडवाहू दसऱ्याच्या आसपास, आणि दिवाळीनंतर वेचणीला खरा जोर. त्याच सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा, तापीकाठच्या गावांतली मुलं घोडे बघायला जाणारच. सातपुड्याकडे होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्याचे, म्हणजे आदिवासींच्या होळीच्या सणाचे, बाजार, आणि होळीच्या मागेपुढे मोहफुलं पडू लागतात. ती पहाटे वेचावी लागतात, उशीर झाला की गुरं खातात. मग लगीनसराई आणि आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया.

यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय नसतो. कानबाईच्या सोमवारी तर मी मुख्याध्यापकांच्या अधिकारातली सुट्टी घ्यायला सांगते, कारण ओस वर्गात बसून कुणाचंच भलं होत नाही. भोंगऱ्याच्या दिवसांत नवा धडा सुरू करत नाही. ऑगस्टअखेरपर्यंत गणिताचा कणा, म्हणजे संख्या, बेरीज, वजाबाकी, पक्का करून घेते, कारण पुढचे तीन महिने मुलं विखुरणार हे मला माहीत असतं. तुमच्या गावी बारा महिने केळी असेल, रावेर-यावलकडे आहे तशी, तर दिनदर्शिका वेगळी निघेल. शेजारच्या गावाची उचलून लावू नका.

## ३. पहिला अर्धा तास सगळ्यात चांगला ठेवा

बहुतेक शाळांत दिवसाची सुरुवात कंटाळवाणी असते: परिपाठ, हजेरी, "गृहपाठ काढा". ज्याचा गृहपाठ झालेला नाही त्याला उंबरठ्यावरच पोटात गोळा येतो, आणि तो मागच्या मागे नाल्याकडे वळतो.

साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. वसतिगृह त्यांच्याकडे होतं आणि तिथल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने लिहून रोज एक दैनिक काढत. मी त्याच तालुक्यात शिकवते, म्हणून ही गोष्ट मनात होती. मी दैनिकाऐवजी फळा घेतला. सकाळी मुलं यायच्या आधी फळ्याच्या डाव्या बाजूला गावाच्या चार बातम्या लिहिते: "काल रात्री आबांच्या गायीला कालवड झाली." "बोरीला पाणी आलं." "चौथीतला एक जण काल पहिल्यांदा सायकलवरून एकटा तेल घेऊन आला." मुलं बातम्या आणतात, मी लिहिते, नाव बातमी आणणाऱ्याचं. पहिलीतल्यांसाठी एक बातमी चित्राची. दुसऱ्या महिन्यापासून मुलं घंटेआधी येऊन फळ्यासमोर उभी राहू लागली. खर्च खडूचा.

जिथे घरची बोली अहिराणी, पावरी किंवा भिली आहे तिथे ही बातमी त्या बोलीतून सांगू द्या. तुम्हाला बोली येत नसेल तर मुलांकडून शिका. पावरा वस्तीवर मी पहिल्या महिन्यात मुलांकडून रोज पाच शब्द घेऊन वहीत लिहिले. मी चुकीचा उच्चार केला की पहिलीतली पोरं मला दुरुस्त करत, आणि तोवर गप्प बसणारी मुलं तिथे पहिल्यांदा बोलली.

आणखी एक: मधल्या सुट्टीनंतर दुसऱ्यांदा हजेरी घ्या, मनातल्या मनात का होईना. सकाळी हजर आणि दुपारी गायब अशी मुलं कॅटलॉगमध्ये दिसत नाहीत.

## ४. पहिला दिवस चौकशी, दुसरा दिवस फोन, तिसऱ्या दिवशी घर

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. इतर काही जमलं नाही तरी एवढी सोडू नका.

पहिल्या दिवशी भावंडाला किंवा शेजारच्या मुलाला विचारा. दुसऱ्या दिवशी फोन करा, आवाज काळजीचा ठेवा. तिसऱ्या दिवशी स्वतः घरी जा. आठवडाभर थांबलात तर मुलाला न येण्याची सवय लागते, घरात त्याच्या नावावर कामं पडतात, आणि परत यायची लाज वाटू लागते. सलग महिनाभर गैरहजर राहिलं की ते मूल शाळाबाह्य धरलं जातं, मग सर्वेक्षण, बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना परत आणायचं काम करणारे शिक्षक), कागदपत्रं. तिथवर जाऊ देऊ नका.

गृहभेट म्हणजे शिक्षकाचा मोठेपणा नव्हे. मुलाच्या हजेरीबद्दल पालकांना नियमित भेटणं हे कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं काम म्हणूनच लिहिलेलं आहे.

कधी जायचं. वेचणीच्या दिवसांत सकाळी सात किंवा संध्याकाळी साडेसहानंतर. दुपारी घरं बंद असतात. वडील पिऊन आलेले दिसले तर पाणी पिऊन निघा, दुसऱ्या दिवशी सकाळी या. शिक्षिकांनी अंधारात एकटीने जाऊ नये. मी आशाताईंना किंवा समितीतल्या एखाद्या माउलीला बरोबर घेते, त्यांच्यामुळे बोलणंही मोकळं होतं.

काय बोलायचं. "काबर येत नही?" हा प्रश्न आधी कधीच नाही. तो कुठल्याही भाषेत विचारला तरी जाब होतो. मी ओट्यावर बसते, "काय माय, बठा बरा शेतस ना?" (सगळे बरे आहात ना?) एवढं विचारते, आणि मुलाची वही उघडून दाखवते, त्यात काय चांगलं लिहिलंय ते. खान्देशात दारी आलेल्याला चहा विचारल्याशिवाय राहत नाहीत. काळा असला तरी घ्या. चहा होईपर्यंत खरं कारण आपोआप बाहेर येतं.

एक भेट सांगते. नोव्हेंबर होता, चौथीतली एक मुलगी सतरा दिवस आली नव्हती. हा नियम मी तेव्हा नुकता सुरू केला होता आणि ती माझ्या हातून सुटली होती. सकाळी दोनदा जाऊन घर बंद मिळालं, म्हणून तिसऱ्यांदा मधल्या सुट्टीत गेले. दार ढकललं. आढ्याला साडीची झोळी, झोळीत दीड वर्षाचा भाऊ. तिने झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधली होती आणि पाय हलवत ती मांडीवर तांदूळ निवडत होती. मागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा होत्या, पाच-पाचच्या गठ्ठ्यात, मी शिकवल्या होत्या तशा. विचारलं तर म्हणाली, शाळेची घंटा इथवर ऐकू येते, मग एक मारते. मी मोजल्या. सतरा होत्या.

संध्याकाळी आई भेटली. तिच्या बोटांची टोकं बोंडांच्या काट्यांनी चिरलेली होती. म्हणाली, "मॅडम, मी कापूस येचाले जास. धाकलाले कोन देखी?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि नाही म्हणून मी तिला शिक्षणाचं महत्त्व सांगितलं नाही. तुम्हीही सांगू नका. ते तिला ठाऊक असतं. गल्लीत तशीच आणखी दोन घरं निघाली. समितीतल्या एका ताईंनी शेतावर जाणं होत नसलेल्या एका आजींना तयार केलं. तिन्ही घरच्या आया मिळून आजींना रोजाचे थोडे पैसे द्यायच्या आणि तिन्ही लेकरं आजींच्या ओट्यावर. मुलगी आठवड्यातून सहापैकी चार दिवस येऊ लागली. सहा दिवस काही जमलं नाही, बाजाराच्या दिवशी आणि आजींना दवाखाना असला की ती घरीच राहायची. पण वर्षअखेरीस ती भागाकारापर्यंत आली.

वहीत काय लिहायचं. तारीख, कोण भेटलं, त्यांनी सांगितलेलं कारण त्यांच्याच शब्दांत, काय ठरलं, पुन्हा कधी जायचं. "पालक उदासीन" असं कधी लिहू नका. त्या दोन शब्दांनी काहीच कळत नाही आणि पुढचा शिक्षक ते वाचून त्या घरी जातच नाही.

## ५. कारण सापडलं की त्याच कारणावर काम करा

धाकटं भावंड. तीन वर्षांचं झालं असेल तर अंगणवाडी, ताईंशी तुम्ही स्वतः बोला. त्याहून लहान असेल तर वर सांगितल्यासारखी गल्लीतली सोय. काहीच जमेना तेव्हा मी मुख्याध्यापकांना सांगून लहानग्याला बहिणीबरोबर वर्गात बसू दिलं आहे. गोंधळ होतो, पण मुलगी वर्गात असते.

वाचता न येणं. याच्यावर कुणी बोलत नाही आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मुलं याच्यापायी घरी राहतात. तिसरीतला एक मुलगा रोज खिचडी खाऊन पळून जायचा. सगळे म्हणायचे, खिचडीपुरता येतो. मी वेळापत्रक पाहिलं तर सुट्टीनंतरचा तास प्रकट वाचनाचा होता, आणि त्याला जोडाक्षरं सोडा, काना-मात्राही येत नव्हती. रोज तीस मुलांसमोर आपली पाळी येणार या धास्तीने तो जेवण गिळायचा आणि सुटायचा. त्याला कुणाहीसमोर वाचायला लावणं मी थांबवलं. मुलांचे गट इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीवर केले: अक्षर, शब्द, वाक्य, परिच्छेद, गोष्ट. सुट्टीनंतर रोज अर्धा तास प्रत्येक गट आपापल्या पातळीचं वाचायचा, तो माझ्या शेजारी बसून दोन अक्षरी शब्द. पंधरा दिवसांत पळणं थांबलं. तुमच्याकडे "पळणारं" मूल असेल तर आधी हे तपासा.

दुखणं. सातपुड्यातल्या आणि नंदुरबारकडच्या आदिवासी वस्त्यांत एखादं मूल पुन्हा पुन्हा सांधे दुखतात, हात-पाय सुजतात, अंगात कणकण आहे म्हणून घरी राहत असेल तर त्याला आळशी ठरवण्याआधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. आशाताईंना सांगा, प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्ताची साधी चाचणी होते, पुढची खात्रीची चाचणी तेच करून देतात. निदान झालेल्या मुलाला वर्गात हवं तेव्हा पाणी पिऊ द्या, उन्हात आणि कडाक्याच्या थंडीत मैदानावर उभं करू नका. दुखणं उठायची ही नेहमीची कारणं. बाकी मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा वारंवार गैरहजर राहणाऱ्यांची यादी त्यांच्या हातात द्या आणि त्या दिवशी ती मुलं येतील असं बघा. नाहीतर तपासणी होते ती रोज येणाऱ्या धट्ट्याकट्ट्यांचीच.

सहावीपासून मुली. दर महिन्याला तेच तीन-चार दिवस गैरहजेरी दिसली तर कारण विचारत बसू नका. स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का, कपाटात पॅड आहेत का आणि त्या कपाटाची किल्ली कुणाकडे आहे ते बघा. किल्ली एखाद्या मोठ्या मुलीकडे द्या. मुलीचं शाळेत येणं एकाएकी बंद झालं आणि घरात पाहुण्यांची ये-जा वाढली असेल तर लग्नाची शक्यता धरा. तेव्हा ग्रामसेवक आणि १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन, उशीर न करता.

लांब शाळा. पाचवीनंतर किंवा आठवीनंतर मुलं दुसऱ्या गावी जातात आणि तिथेच मुली गळतात. मुलींना एसटीचा पास मोफत मिळतो. त्याचे फॉर्म जूनमध्ये शाळेतच भरून घ्या, पालक डेपोत खेटे घालत नाहीत.

पैसे. पहिली ते चौथीच्या अनुसूचित जाती, जमाती आणि भटक्या-विमुक्त समाजातल्या गरीब घरच्या मुलींसाठी उपस्थिती भत्ता १९९२ साली सुरू झाला, हजेरीच्या दिवसाला १ रुपया. त्या रुपयाने मूल शाळेत येत नाही, वेचणीत त्याहून कितीतरी जास्त मिळतात. तरीही शिष्यवृत्त्या, गणवेश, पुस्तकं जे हक्काचं आहे ते वेळेत घरात पोहोचलं की बोलायला तोंड राहतं. जातीचा दाखला, आधार, बँक खातं यांची कामं जुलैतच उरका.

## ६. टोळी निघायच्या आधी

चाळीसगाव, पारोळा, साक्री, नवापूर अशा कितीतरी तालुक्यांतून कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला जातात, कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी गुजरातेत बारडोली-सुरतेकडे. जाणं अचानक वाटतं, पण तसं नसतं. मजुरांची टोळी नेणारा मुकादम आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन ठेवतो. कोणत्या घरी कोयत्याची उचल आली हे गावात सगळ्यांना माहीत असतं, तुम्ही विचारायचं एवढंच. दसऱ्याआधी ती यादी करा.

मग प्रत्येक घरी तीन गोष्टी विचारा, याच क्रमाने.

पहिली: मूल इथे राहू शकतं का? आजी-आजोबा, काका, मावशी. आजी हो म्हणते, पण रात्रीच्या जेवणाची अडचण असते. स्थलांतरित पालकांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची तरतूद आहे. प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे वेळेत गेला तरच काही होतं, म्हणून सप्टेंबरमध्येच मुलांच्या नावानिशी यादी द्या.

दुसरी: नेणारच असतील तर कुठे? गाव, कारखाना, मुकादमाचा नंबर. शिक्षण हमी कार्ड भरून आईच्या हातात द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, कारण पाल पावसात भिजतं. कार्डावर मूल काय वाचतं, कुठवर गणित येतं ते खरं लिहा. तिथल्या शाळेत शक्य असेल तर स्वतः फोन करा. दाखला नाही म्हणून कुठलीही शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे पालकांना दोनदा सांगा.

तिसरी: परत कधी? तो दिवस वहीत लिहून ठेवा.

आणि नाव कमी करू नका. पट स्वच्छ दिसावा म्हणून काही जण महिन्याभरात नाव खोडून मोकळे होतात. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि नाव खोडलेलं मूल मार्चमध्ये परत आलं तर दारातूनच फिरतं. परतलेल्या मुलाला त्याची जुनी जागा द्या, बातम्यांच्या फळ्यावर त्याची बातमी लिहा. माझ्या वर्गात एक मुलगा परत आला तो उसाची मोळी कशी बांधतात ते दोरीने करून दाखवायला लागला. वर्ग अर्धा तास खिळून होता, आणि आम्ही त्यावरच वजनाची गणितं केली. त्याचं मागचं भरून काढायला विशेष प्रशिक्षणाची तरतूद कायद्यात आहे. प्रत्यक्षात ती तुमचा रोजचा पाऊण तास असते.

## ७. समितीला रात्री बोलवा

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि एकूण निम्म्या महिला असाव्या लागतात. सभा सकाळी अकराला ठेवली की सह्या मिळतात, माणसं मिळत नाहीत. वेचणीत रात्री आठला, देवळाच्या ओट्यावर ठेवा. विषय एकच घ्या: ही सात मुलं, यांच्यासाठी काय करू? नावं घ्यायची, पण कमीपणा येईल असं बोलायचं नाही.

मोठ्या शेतकऱ्यांकडेही जा. मजूर मिळत नाहीत ही त्यांची अडचण खरी आहे. तरी १४ वर्षांखालच्या मुलाला मजुरीला ठेवता येत नाही, आणि घरच्या शेतातसुद्धा मदत शाळेची वेळ सोडूनच चालते, हे शांतपणे सांगा. आमच्या गावात दोन जणांनी मजूर बायकांना सांगून टाकलं की पोरांना शाळेच्या वेळात आणायचं नाही. दोघांचं बघून बाकीच्यांनी ऐकलं. मी दहा वेळा सांगून झालं नसतं.

## ८. बक्षीस देताना आणि रागावताना

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देऊ नका. तापाने फणफणलेली मुलं येतात आणि एक दिवस चुकलेलं मूल जुलैतच शर्यतीतून बाद होतं. त्याऐवजी गेल्या महिन्यापेक्षा जास्त दिवस आलेल्यांची नावं घ्या.

"खिचडी मिळणार नाही", "नाव कापीन", दंड, उभं करणं, यातलं काहीही नाही. कलम १७ प्रमाणे शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास दोन्ही बंद आहेत. कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण माझ्या हातून हे झालं आहे. पहिल्या वर्षी मी गैरहजर मुलांना उभं करून सर्वांसमोर कारण विचारायचे. पाचवीतला एक मुलगा काही बोलेना. मी पुन्हा पुन्हा विचारलं. शेवटी शेजारचा ओरडला, "त्याचा शर्ट वाळला नव्हता, एकच आहे त्याला." वर्ग हसला. तो मुलगा तीन आठवडे आला नाही आणि आला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता. आता कारण विचारायचं ते एकट्याला, व्हरांड्यात, त्याच्या उंचीला खाली बसून.

आणि खोटी हजेरी लावू नका. पोषण आहाराचा आकडा जुळावा, वरून विचारणा होऊ नये म्हणून कुणी तसं सुचवेल. गैरहजर मुलाला हजर दाखवलं की त्याला शोधायला कुणीही जाणार नाही, तुम्हीसुद्धा नाही.

## ९. महिनाअखेर आणि सुट्टीची आदली संध्याकाळ

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी पहिल्या पायरीतला तो कागद काढून नवा रकाना भरा. ज्याचा आकडा वाढला त्याचं घर सोमवारी. एवढंच, पंधरा मिनिटं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस वर्षातला सगळ्यात जड असतो. त्यासाठी मी सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी दुपारच्या गाडीने गावात येते. दिवेलागणीला बाया शेतातून परतत असतात, डोक्यावर कापसाची गाठोडी. मी गल्लीगल्लीतून चालत जाते, दारात उभं राहून "उद्या शाळा आहे बरं का" म्हणते, मुलांना विचारते फळ्यासाठी बातमी काय आणणार. बहुतेक घरी पाच मिनिटांवर थांबत नाही. साडेसातपर्यंत शेवटच्या वस्तीवर पोहोचते, तोवर पोरं मागोमाग यायला लागलेली असतात आणि पुढच्या दारी माझ्याआधी तीच ओरडून सांगतात.